टाइप ठरवायची घाई नको रे
अरे, डिप्रेशनमध्ये एमबीटीआय, म्हणजे चार अक्षरांत स्वभावाचा टाइप सांगणारी टेस्ट, दिलीस तर आय (इंट्रोव्हर्ट, आपल्यातच रमणारा) येणारच ना, मित्राचा फोन उचलायचं जिवावर येतं तिथे "लोकांत मिसळायला आवडतं का" ला हो कोण म्हणेल, पण तेवढ्यावरून तू इंट्रोव्हर्ट ठरत नाहीस. एन्झायटीचंही तसंच, काहीतरी चुकेल या धास्तीने ट्रिपचा मिनिटामिनिटाचा प्लॅन केला की माणूस जे (सगळं आधी आखून ठेवणारा टाइप) वाटतो. माझं ऐक, आजारपणाआधी कसा होतास ते ताईला विचार. एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ) असेल तर मात्र अवघडच, ते लहानपणापासूनचं असतं त्यामुळे 'आधीचा मी' सापडतच नाही. आणि मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून निघालेली ही टेस्ट निदान करत नाही हं, झोप उडालीय म्हणतोस ना, मग आधी डॉक्टर गाठ नाहीतर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.