रोजची दारू, बॅटऱ्या फोडायचं काम आणि 160/100 बीपी: दोष नक्की कशाचा?

भाऊ जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कामावर, रोज एक क्वार्टर, गोळ्या चालू असून बीपी 160/100, आणि डॉक्टर फक्त ‘दारू सोडा’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. दारूचा वाटा नक्कीच आहे. क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीत, साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. रोज इतकं घेतलं की बीपी चढतो. पण मी तेवढ्यावर थांबणार नाही. बॅटऱ्या फोडताना अंगात जाणारं शिसंही बीपी वाढवतं, मूत्रपिंड बिघडवतं.

बीपी सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी पिण्याआधी, आठवडाभर मोजा. भरपूर प्यायल्यावर काही तास तो उलट उतरलेला दिसतो आणि पुढे चढतो, त्यामुळे रात्रीचा आकडा फसवा.

शिरेतून रक्त घेऊन ‘ब्लड लेड’, म्हणजे रक्तातलं शिसं मोजायची तपासणी, करा. कामावरून थेट लॅबमध्ये नको; आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जावं, नाहीतर कातडीवरची धूळ नमुन्यात जाऊन आकडा फुगतो. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपासून पुढे शिसं कुठून येतंय ते शोधायचं. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), युरिक अ‍ॅसिड, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), जीजीटी (यकृताची तपासणी). जीजीटी वाढलेला आणि लाल पेशी मोठ्या असतील तर बोट दारूकडे जातं. युरिक अ‍ॅसिड मात्र दोन्हींनी वाढतं, त्यावरून निवाडा करू नका.

दारू एका झटक्यात बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, फिट, भ्रम होऊ शकतो, बीपीही उसळतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत बीपी उतरू लागायला हवा. नाहीच उतरला तर शिसं आणि मूत्रपिंडाकडे जास्त संशयाने बघा. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला महिनाभर लागतो, हाडांतलं तर वर्षानुवर्षं झिरपत राहतं.

कामावर सगळ्यात घातक सवय म्हणजे त्याच हातांनी तंबाखू मळणं आणि बिडी ओढणं. साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला काही लावू नये, उपाशीपोटी काम करू नये. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. शिसं काढायची औषधं प्रत्येकाला लागत नाहीत, आणि धुळीत काम चालू ठेवून ती घेणं तर धोक्याचं.

कामाचे कपडे आणि चपला घरात आणू नयेत. घरात लहान मुलं असतील तर त्यांचंही ब्लड लेड करून घ्या.