जुन्या फायबर बोटीची डेकखालची पेट्रोल टाकी गळतेय. एम-सील लावून भागेल, की टाकीच बदलावी लागेल?

तुम्ही लिहिलंय की बोट १७ फुटी, कोकणातून सेकंडहँड आणलेली, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, डेकखाली ७० लिटरची ॲल्युमिनियमची टाकी. बोटीच्या तळात साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसतो, पेट्रोलचा वास येतो आणि रामटेकच्या खिंडसी तलावावर न्यायच्या आत हे निस्तरायचंय.

एम-सीलनं भागत नाही. मी लावून पाहिलंय, दोनदा. माझीही बोट अशीच किनाऱ्यावरून नागपूरला आलेली आणि विकणारा छातीठोक सांगत होता की टाकी दोनच वर्षांपूर्वीची आहे.

पण टाकीला फाशी द्यायच्या आधी गुन्हा तिचाच आहे ना, ते बघा. टाकी गळ्यापर्यंत भरल्यावरच वास येत असेल आणि अर्धी झाल्यावर थांबत असेल, तर बहुतेक दोष वरच्या बाजूला असतो: पेट्रोल भरायचा होज (रबरी नळी), व्हेंटचा म्हणजे टाकीतली हवा आत-बाहेर जायचा होज, नाहीतर फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाच्या) खालचं गॅस्केट. जुने होज इथेनॉलनं भुसभुशीत होतात, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं. होज वाकवून पाहा. भेगा दिसल्या किंवा हाताला पेट्रोलचा वास लागला, तर आधी तो बदला. काम तिथंच संपलं तर नशीबवान आहात. पेट्रोल कमी झालं तरी गळती सुरूच असेल, तर मात्र तळ गेलाय.

आता धोक्याचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन उडून जात नाही, बोटीच्या तळात पाण्यासारखी साचून बसते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली असलं तरी एका ठिणगीत भडका होतो. म्हणून आधी बोट ट्रेलरसकट मोकळ्या प्लॉटवर न्या, घराखालच्या पार्किंगमध्ये अजिबात नाही. सगळी झाकणं उघडून दोन दिवस वारा खेळू द्या. बॅटरीची वायर त्यानंतरच काढा, कारण वायर काढतानाही ठिणगी पडते. माझ्या मेहुण्यानं घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणला होता, तळातलं पेट्रोल ओढून घ्यायला. त्याच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, सतत ठिणग्या टाकणारे. मी हात धरला म्हणून, नाहीतर आम्ही दोघंही आज हे उत्तर लिहायला नसतो. फॅन लावायचाच तर लांबून आत हवा ढकलणारा लावा. वाफ मोटरमधून ओढणारा नको. आणि हे काम मे महिन्यात दुपारी काढू नका. आपल्याकडचा ४५ अंशांचा पारा आणि उघडं पेट्रोल यांची सोयरीक बरी नाही.

पेट्रोल हातपंपानं काढा, धातूच्या कॅनमध्ये. इथं एक कायद्याची गोष्ट आहे. पेट्रोलियम अधिनियम १९३४ प्रमाणे विनापरवाना स्वतःजवळ ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, तेही धातूच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात आणि एका भांड्यात २५ लिटरच्या आत. हे नियम राबवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, तेव्हा निदान नागपूरकरांनी तरी प्लास्टिकच्या डबक्यांत ७० लिटर भरून जिन्याखाली ठेवू नये. थोडं थोडं काढा. आधी एक नमुना लिटरच्या आतल्या काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून बघा. तळाशी वेगळा थर बसला, तर इथेनॉलनं पाणी ओढून घेऊन पेट्रोलची साथ सोडलीय. ते पेट्रोल कुठल्याच गाडीत घालू नका, नालीत तर मुळीच नाही.

टाकी रिकामी झाली तरी वाफ आत असतेच, उलट रिकाम्या टाकीतच जास्त. मी डेक कापायच्या आधी टाकी पाण्यानं काठोकाठ भरली, म्हणजे वाफेला जागाच उरली नाही. मग कटरचं पातं डेकच्या जाडीएवढंच बाहेर ठेवलं आणि टाकीपेक्षा थोडं मोठं चौकोनी झाकण कापलं. डेकखाली लांबीच्या दिशेनं जाणारे दोन दांडे असतात, बोटीचा कणाच तो. त्यांना पातं लागू देऊ नका. कापण्याची रेघ त्यांच्या डोक्यावरून गेली की झाकणाला नंतर टेकायला आयती जागा मिळते. पाणी परत उपसून टाकलं, मग कडुनिंबाच्या फांदीला चेनपुली बांधली.

पण टाकी काही हलेना. चारही बाजूंनी पिवळा फोम ओतून तिला बोटीत चिणून टाकलेली. जुन्या हातकरवतीनं दोन दिवस फोम कापत बसलो. तुकडे हातात घेऊन पिळले, तर पाणी ठिबकलं. टाकी उलटी केली तेव्हा तळाला पांढरी भुकटी होती आणि ती खरवडल्यावर सुईच्या टोकाएवढी अकरा भोकं. एम-सील ज्या भोकाला लावलं होतं, ते बाकीच्या दहांमध्ये बिचारं एकटं बरं झालेलं!

तुमच्या बोटीतही हेच निघेल, असं मला वाटतं. ॲल्युमिनियम स्वतःच्या अंगावर ऑक्साईडचा पातळ थर चढवून स्वतःला वाचवतं. त्या थराला हवा लागते. ओल्या फोमनं टाकीला मिठी मारली की हवा संपते आणि धातू ठिपक्याठिपक्यानं सडायला लागतो. कोकणातलं खारं पाणी फोममध्ये आधीच मुरलेलं असतं. नागपुरात समुद्र नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि बोट पावसाळाभर अंगणात ताडपत्रीखाली ठेवतो. ताडपत्रीतून झिरपलेलं पाणी त्याच मिठाला पुन्हा पुन्हा जागं करतं. माझ्या ट्रेलरचं नाक खाली होतं, त्यामुळे मागचं ड्रेन प्लगचं भोक उघडं असूनही पाणी बाहेर पडत नव्हतं. नाकाखाली चार विटा लावायचाच प्रश्न होता. म्हणून मी म्हणतो की टाकी ही दुसरी गोष्ट. पाणी कुठून येतं आणि जातं का, ही पहिली. ते न बघता नवी टाकी पुन्हा फोममध्ये गाडली, तर तीही त्याच वाटेनं जाईल.

(जरा अवांतर. माझी बोट अशी पोट फाडून पडलेली असतानाच २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट आली. अंबाझरी ओसंडला, नाग नदीनं काठ सोडला आणि आमच्या गल्लीत ट्रेलरच्या चाकापर्यंत पाणी चढलं. शेजारचे काका गॅलरीतून ओरडत होते, "अहो भाऊ, बोट आहे ना तुमच्याकडे, काढा ना बावा!" टाकी नाही, इंजिन उतरवलेलं, डेकला खड्डा आणि ड्रेन प्लग कुठल्या डब्यात टाकला ते आठवेना. सगळ्या गल्लीत एकट्या माझ्याकडे बोट, आणि मी स्टुलावर उभा. प्लग तेव्हापासून किल्लीच्या जुडग्याला बांधून ठेवतो.)

नवी टाकी किती लिटरची, यावर मात्र भांडायला तयार आहे. टू-स्ट्रोक ४० चं इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण १५ लिटर पितं, आणि तलावावर पूर्ण थ्रॉटल तुम्ही देणार तरी किती वेळ? तुम्हाला समुद्रात जायचं नाहीये. खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी आज डेकखाली टाकी टाकलीच नसती. २४-२५ लिटरची सुटी टाकी मागच्या बाजूला पट्ट्यानं बांधायची, काम झालं की उचलून बाहेर न्यायची. गळली तर दिसते, वास तळात साचत नाही. मी हट्टानं ७० च्या जागी ४० लिटरची बनवून घेतली, आणि ती मी आजवर कधीच पूर्ण भरलेली नाही.

तरी बनवायचीच असेल तर ऐका. पत्रा ५०५२ किंवा ५०८३ ग्रेडचा घ्या, ३ मिलिमीटरचा. इतवारीत लोहा ओळीत "ॲल्युमिनियम द्या" म्हणालात तर भांडी-छपराचा मऊ पत्राही हातात पडेल. ग्रेड विचारा, पत्र्यावरची छपाई बघा. वेल्डिंग आर्गनचं, हिंगणा एमआयडीसीत करणारे पुष्कळ आहेत. पण ते पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या करतात, त्यामुळे सवयीनं खाली ड्रेनचा नळ बसवतील. पेट्रोलच्या टाकीला खाली काहीही नको, सगळी तोंडं वरच्या पत्र्यावर. आत आडवे पडदे हवेत, कोपरे कापलेले, नाहीतर लाटेवर पेट्रोल इकडून तिकडे आदळत राहील. पितळी फिटिंग थेट ॲल्युमिनियममध्ये पिळू नका, स्टेनलेसची घ्या. आणि जुनी टाकी "जरा वेल्ड मारून देतो" म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार. पेट्रोल प्यायलेली टाकी बाहेरून कितीही धुतली तरी आत बॉम्ब असू शकतो. तुमची टाकी ॲल्युमिनियमची नसून फायबरची निघाली, तर दुरुस्तीचा विचारही नको. जुन्या पॉलिएस्टर रेझिनला इथेनॉल विरघळवतं.

टेस्टिंग स्वतः समोर उभं राहून करून घ्या. ३ पीएसआय दाब, पाच मिनिटं, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. फक्त ३. कारच्या टायरमध्ये ३० च्या आसपास असतो, यावरून अंदाज येईल. माझ्या पहिल्या कारागिरानं कॉम्प्रेसरची नळी लावून "होऊन जाऊ द्या मजबूत टेस्ट" म्हणत सोडली आणि चपटी टाकी डोळ्यांदेखत फुगून मटका झाली. ती पुन्हा बनवली, पैशावरून वादही झाला, त्यात जात नाही.

बसवताना फोम नाही, गालिचा नाही, लाकडाची फळी नाही. टाकीच्या तळाला निओप्रीन रबराच्या ५-६ मिलिमीटर जाड पट्ट्या पॉलियुरेथेन सीलंटनं पूर्ण चिकटवा, म्हणजे पट्टी आणि पत्र्यामध्ये पाणी शिरणार नाही. चारही बाजूंनी हवा खेळेल एवढी जागा ठेवा आणि टाकीचा तळ बोटीच्या तळापासून वर राहू द्या, म्हणजे साचलेलं पाणी टाकीला न लागता खालून वाहून जाईल. प्लास्टिकची तयार टाकी घेतलीत तर जागा जास्त सोडा, पेट्रोल शोषून ती लांबी-रुंदीत सुमारे २ टक्के वाढते. घट्ट पट्टे आवळले तर फुगलेल्या पोटावरचा बेल्ट होईल.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. काढलेला फोम नुसता टाकी धरून नव्हता, बोट पाण्यानं भरली तर तिला तरंगत ठेवणाराही तोच. १०० लिटर फोम काढला म्हणजे साधारण ९५ किलोचं तरंगणं काढलं. तेवढा बंद छिद्रांचा फोम सीटखाली किंवा बाजूच्या कडांखाली, टाकीपासून लांब, परत भरा. खिंडसीवर सहा माणसं बसवणार असाल तर हे विसरू नका.

होज घेताना त्यावर 'आयएसओ ७८४०' आणि 'ए१' छापलेलं असावं, तो आग काही वेळ सोसतो. हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक पाईप नको. भरायच्या होजला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा. व्हेंटचा होज वर चढत बाहेर निघावा, मध्ये कुठेही खाली झोल पडला तर तिथं पेट्रोल अडून टाकी श्वास घेणार नाही. भरायच्या तोंडाच्या धातूच्या चकतीपासून टाकीपर्यंत अर्थिंगची वायर जोडा, भरताना तयार होणारी स्थिर वीज तिच्यातून जाते. इंजिनकडे जाणाऱ्या तोंडावर अँटी-सायफन व्हॉल्व बसवा, म्हणजे नळी फुटली तरी टाकी आपोआप तळात रिकामी होणार नाही.

फ्लोट आणि मीटर एकाच पद्धतीचे घ्या. अमेरिकन फ्लोट रिकाम्या टाकीत २४० ते भरलेल्या टाकीत ३३ ओहमचा आणि युरोपियन १० ते १८० चा. एक याचा आणि एक त्याचा लावला तर काटा उलटा चालतो. मला हे तलावाच्या मधोमध कळलं, काटा 'फुल' दाखवत असताना. वल्ही होती.

पहिल्यांदा १० लिटरच घाला. रात्रभर ठेवा, सकाळी इंजिनला हात लावायच्या आधी तळाशी नाक नेऊन वास घ्या. ठीक असेल तर वाढवा, पण कधीच काठोकाठ भरू नका. सकाळी २५ अंशांत भरलेलं ५० लिटर पेट्रोल दुपारी ४५ अंशांत जवळपास एक लिटरनं फुगतं आणि व्हेंटमधून बाहेर येतं.

डेकचं झाकण मात्र फायबर लावून कायमचं बुजवू नका, जोडणारा कितीही म्हणाला तरी. माझ्या झाकणाला १६ स्टेनलेस स्क्रू आहेत आणि कडेला सीलंट. पावसाळा संपला की नवरात्रात ते उघडतो, टॉर्च मारतो, रबराच्या पट्ट्यांखाली हाताचं बोट फिरवतो, कोरडं असलं की परत लावतो. अर्धा तास लागतो. तुमचं झाकण कापायच्या आधी डेकचे फोटो इथं टाका, दांडे कुठून जातात ते मी बघून सांगतो.