वाचकांचे प्रश्न : कंट्रोल लावला होता का?

या महिन्यात लॅबमधल्या कामाबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतलेत. मी स्वतः परळच्या एका लॅबमधे ३१ वर्षं मायक्रोबायोलॉजीचं काम केलंय, त्यामुळे बहुतेक हाताखालून गेलेलं सांगतेय.

प्रश्न : माझी मुलगी बायोटेकमधे पीएचडी करते. सकाळी सातची लोकल पकडते, रात्री दहाला घरी. आठ महिने झाले, काही विचारलं की एकच उत्तर, "आई, एक्सपेरिमेंट गेला". नीट जेवत नाही. नातेवाईक विचारतात अजून किती वर्षं. तिला हे जमत नाहीये का? सोडायला सांगू का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, निदान आठ महिने गेले एवढ्याच कारणावरून सोडायला सांगू नका. लॅबमधे आठ महिने जाणं हे मी इतक्या पोरांचं बघितलंय की त्यावरून कुणाला जमतं आणि कुणाला नाही हे मला तरी कधी ठरवता आलं नाही. पण "गेला" म्हणजे नेमकं काय झालं हे तिला एकदा शांतपणे विचारा, कारण एक्सपेरिमेंट जाण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा.

एक म्हणजे कंटॅमिनेशन, म्हणजे नको ते जंतू आत शिरणं. ती पेशी वाढवत असेल तर त्या फ्लास्कमधला मीडिया, म्हणजे पेशींना वाढायला दिलेलं द्रावण, स्वच्छ गुलाबी-लालसर असतो, ३७ डिग्रीला इन्क्युबेटरमधे ठेवलेला. सकाळी दार उघडलं आणि तोच फ्लास्क पिवळा, गढूळ दिसला की समजायचं बॅक्टेरिया शिरले. कापसाच्या पुंजक्यासारखं काही तरंगताना दिसलं तर बुरशी. आणि मुंबईचा पावसाळा म्हणजे बुरशीचे दिवस, आपल्या घरात चपला आणि लोणचं जसं सांभाळावं लागतं तसंच तिकडे फ्लास्क सांभाळावे लागतात. तीन आठवडे जपलेल्या पेशी एका रात्रीत जातात आणि ते सगळं ब्लीचमधे ओतून टाकावं लागतं. पोरं रडतात तेव्हा, खरंच रडतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मांडणीतच कुठेतरी चूक आहे पण सापडत नाहीये. इथे मला "कंट्रोल" सांगावा लागेल, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. समजा तुम्ही शेजारणीकडून नवीन विरजण आणलं आणि ते चांगलं आहे का बघायचंय. नुसतं ते दुधात घालून दही लागलं नाही तर दोष कुणाचा? विरजणाचा, दुधाचा, का थंडीचा? म्हणून तीन वाट्या घ्यायच्या. एकीत नवीन विरजण, दुसरीत आपलं रोजचं खात्रीचं विरजण, आणि तिसरीत नुसतं दूध. खात्रीचं विरजण घालूनही दही लागलं नाही तर दूध नाहीतर हवा बिघडलेली आहे, नवीन विरजणाला बोल लावता येत नाही. आणि नुसत्या दुधाचं दही झालं तर वाटीच नीट घासलेली नव्हती. दुसरी वाटी पॉझिटिव्ह कंट्रोल, तिसरी निगेटिव्ह कंट्रोल. बायोलॉजी असो, केमिस्ट्री असो, या दोन वाट्यांशिवाय पहिल्या वाटीला काही अर्थ नाही.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी माझे चार महिने असेच गेले. एलायझाचे, म्हणजे अँटिबॉडी वापरून करायच्या एका तपासणीचे, रिडिंग सगळे कमी यायचे. मी अँटिबॉडी बदलली, बफर नवीन केला, पाणी बदललं, काही फरक नाही. आमच्याकडे एक सिनियर टेक्निशियन होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ते एक दिवस काही न बोलता माझा मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडं द्रव मोजून सोडायचं उपकरण, घेऊन वजनकाट्यापाशी गेले. छोटं बीकर ठेवलं, काटा शून्यावर आणला, आणि १०० मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर सोडलं. एवढ्या पाण्याचं वजन जवळजवळ ०.१ ग्रॅम भरायला हवं. काट्यावर आलं ०.०८६. परत सोडलं, परत तेवढंच. दहा वेळा केलं. पिपेट उघडला तर आतली रबराची रिंग झिजून चपटी झालेली, प्रत्येक थेंब कमी पडत होता. मला जास्त लागलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, की माझा पॉझिटिव्ह कंट्रोल चारही महिने कमीच येत होता आणि मी दर वेळी किट जुनं झालं असेल म्हणून तो ओलांडून पुढे जात होते. तो मला रोज सांगत होता. त्यानंतर मी दर सोमवारी पहिलं काम पिपेट काट्यावर तपासायचं केलं ते रिटायर होईपर्यंत.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही. २०११ साली इटलीतल्या ग्रान सासो लॅबमधे मोजलं गेलं की जिनिव्हाच्या सर्न या लॅबमधून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण ७३० किलोमीटर जमिनीतून येताना प्रकाशापेक्षा साधारण ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत, आणि प्रकाशापेक्षा वेगवान काही नसतं असं विज्ञान मानतं. त्या लोकांनी महिनोन् महिने स्वतःची चूक शोधली, सापडली नाही, तेव्हा जगासमोर आकडे मांडून म्हणाले तुम्हीही तपासा. पुढच्या वर्षी मोठं कारण सापडलं ते म्हणजे एक फायबरची केबल नीट बसलेली नव्हती. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

तिसरा प्रकार सगळ्यात मोलाचा, म्हणजे कंट्रोल बरोबर आले, काम बरोबर झालं, पण उत्तर अपेक्षेच्या उलटं. पोरं याला पण "गेला" म्हणतात आणि इथे मी त्यांना थांबवायचे. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल अल्सरच्या पेशंटच्या पोटातून काढलेले बारीक तुकडे जंतू वाढवायच्या प्लेटवर लावत होते, काही उगवायचं नाही, दोन दिवसांनी प्लेटा फेकून द्यायची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा इन्क्युबेटरमधे पाच दिवस राहून गेल्या आणि जंतू उगवले. तो हेलिकोबॅक्टर, अल्सर करणारा जंतू. म्हणजे तोवरच्या सगळ्या "गेलेल्या" प्लेटा फक्त लवकर फेकल्या जात होत्या. २००५ साली त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं.

तर ताई, रात्री ती आली की "झालं का?" विचारू नका, "आज काय काय केलंस?" विचारा. गरम जेवण आणि हा प्रश्न, एवढं पुष्कळ असतं. आणि तिच्या गाईडनी तिची लॅबबुक शेवटची कधी उघडून बघितली ते विचारा. आठ महिन्यांत बघितलीच नसेल तर अडचण मुलीत नाहीये, तिने बाजूच्या लॅबमधल्या कुणा अनुभवी माणसाला एक दिवस शेजारी उभं करून सगळं करून दाखवावं. झोप उडाली असेल, घरात बोलणंच बंद झालं असेल तर मात्र काउन्सेलरकडे न्या, त्यात उशीर नको.

प्रश्न : सासूबाईंचा टीएसएच (थायरॉईडची तपासणी) एका लॅबमधे ४.१ आला, नॉर्मल. चार दिवसांनी दुसरीकडे ५.२, हाय. कोण खोटं बोलतंय? – ठाणे

उत्तर : बहुतेक कुणीच नाही. टीएसएच दिवसभरात वरखाली होतो, रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी कमी. दोन लॅबची मशिनं आणि किट वेगळी असली की आकडा थोडा हलतोच. आणि रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के जिच्यात बसतात ती, म्हणजे धडधाकट वीस माणसांमधलं एखादं तिच्या बाहेर पडणारच. सासूबाई केस गळतीसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात का ते पण बघा, बायोटिनमुळे काही किटांचे रिडिंग चुकतात, त्यामुळे रक्त द्यायच्या आधी ते डॉक्टरांना आणि लॅबला सांगायला हवं. चांगली लॅब रोज सकाळी पेशंटच्या सॅम्पलआधी माहीत असलेल्या आकड्याचं कंट्रोल सिरम लावते, ते बरोबर आलं तरच पुढे जाते, याला क्यूसी म्हणतात. "आजचं क्यूसी झालंय का" हे बिनधास्त विचारा, तो तुमचा हक्क आहे. पुढची टेस्ट एकाच लॅबमधे, एकाच वेळेला करा आणि दोन्ही कागद डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझं वय ५८. आयुष्यभर ओ पॉझिटिव्ह समजत होतो, आता हर्नियाच्या ऑपरेशनआधी सांगितलं की तुमचा "बॉम्बे ग्रुप" आहे. हा काय आजार आहे? – गिरगाव

उत्तर : काका, आजार अजिबात नाही, तब्येतीला याने काही होत नाही. आपल्या लाल पेशींवर एच नावाचा एक पाया असतो, त्याच्यावर ए किंवा बी चढतो. ओ ग्रुपवाल्यांचा नुसता पायाच असतो. तुमच्यात तो पायाच नाही. हे पहिल्यांदा ओळखलं गेलं ते आपल्याच मुंबईत, डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली लॅन्सेटमधे ते छापलं, म्हणून जगभर आपल्या शहराचं नाव लागलं. भारतात साधारण दहा हजारात एक असं धरतात, युरोपात तर फारच विरळा.

आता इतकी वर्षं कळलं का नाही? कारण साध्या तपासणीत टाईलवर तुमच्या रक्ताचा थेंब ए आणि बी ओळखणाऱ्या अँटि-ए आणि अँटि-बी द्रावणांमधे मिसळतात, दोन्हीकडे गुठळी होत नाही, मग लिहितात ओ. पण पूर्ण तपासणीत उलटं पण करतात, तुमचं सिरम, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला पातळ भाग, घेऊन त्यात माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशी घालतात. खऱ्या ओ माणसाचं सिरम ओ पेशींना हात लावत नाही, त्या थेंबात पेशी सारख्या पसरलेल्या राहतात. तुमच्या सिरममधे त्याच पेशींच्या लालभडक कण्या होऊन बाजूला पाणी सुटतं, कारण तुमच्यात एचविरुद्ध अँटिबॉडी आहे. ज्यांनी ही उलटी तपासणी टाळली नाही त्यांचे आभार माना काका, कारण तुम्हाला साधं ओ रक्त चढलं असतं तर जिवावर बेतलं असतं.

आता करायचं काय, तर तुम्हाला फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त चालतं, हे एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या, प्रत्येकाला साधारण चारात एक शक्यता असते. ऑपरेशन ठरलेलं आहे तर आधी तुमचंच रक्त काढून ठेवता येईल का हे ब्लड बँकेला विचारा, आणि तुमचं नाव त्यांच्या दुर्मिळ ग्रुपच्या यादीत घालायला सांगा.

प्रश्न : आमचे आजोबा गिरणीत होते, सांगायचे की प्लेगच्या लशीचं औषध परळच्या गव्हर्नरच्या बंगल्यात तुपात बनायचं. तुपाचं खरं आहे का? – लालबाग

उत्तर : तुपाचं खरं आहे! आणि हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. सप्टेंबर १८९६ मधे मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमधे शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली मिळाली, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जंतू ते मटणाच्या रश्शासारख्या पाण्यात वाढवायचे आणि त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. तूप तरंगतं, जंतू त्या थेंबांना खालून धरून लोंबत वाढतात, गुहेत छताला चुनखडीचे सुळे लोंबतात तसे. मग भांडं हलवायचं की ते खाली पडतात आणि नवीन वाढ सुरू. शेवटी हे सगळं तापवून जंतू मारायचे, आणि मेलेल्या जंतूंची लस. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

पण मी त्यांना मानते ते त्याच्या पुढच्या कामासाठी. त्याच महिन्यात भायखळ्याच्या जेलमधे प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी तयारी दाखवली त्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्ही गट एकाच जेलमधे, एकच अन्न खाऊन राहिले. लस घेतलेल्यांमधे प्लेग खूप कमी झाला. आज बघताना कैद्यांवर टोचणी हे मला खटकतं, ते खटकायलाच हवं, पण शेजारी न टोचलेला गट मोजला म्हणून ते आकडे बोलले. नुसतं "मी टोचून घेतली, मला काही झालं नाही" यावर लस उभी राहत नाही.

परळचा बंगला १८९९ साली मिळाला, तिथे प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. १९०२ मधे पंजाबात मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. दोष हाफकिनवर आला, त्यांचं काम गेलं. नंतर कळलं की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ साली त्यांच्यावरचा ठपका निघाला. संस्थेला त्यांचं नाव १९२५ साली मिळालं. आमच्याकडे नवीन पोरगं जॉईन झालं की मी त्याला हा चिमटा पहिल्या दिवशी सांगायचे.

प्रश्न : मी बारावीत आहे. रिसर्च करायचाय पण बायोलॉजी घेऊ की फिजिक्स? – भांडुप

उत्तर : बाळा, आत्ताच दार बंद करू नकोस, मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही ठेव. पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून रक्ताच्या कॅन्सरसाठी जी कार-टी थेरपी (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत द्यायचा उपचार) तयार केली, जिला २०२३ मधे परवानगी मिळाली, तसल्या कामात पेशी वाढवणारा पण लागतो आणि मशिनवर मोजणारा पण. कलिनाच्या सेबस या संस्थेत पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी आहे, त्यासाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा बघ. माटुंग्याचं आयसीटी केमिस्ट्रीसाठी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला बऱ्याच संस्था शाळा-कॉलेजच्या मुलांना आत येऊ देतात, तेव्हा जा. प्रोफेसरांशी बोलशीलच, पण तिथे पिपेट हातात घेऊन उभी असलेली जी ताई किंवा दादा असेल ना, त्यांच्यापाशी अर्धा तास थांब आणि विचार, आज कंट्रोल काय आला.