गेमचा स्कोअर वाढला, मग आठचा पाढा का येत नाही?

"मॅडम, मेमरी वाढवायचे गेम असतात ना, ते मुलाला दिले तर फरक पडतो का हो?" हे मला पालक सारखं विचारतात, म्हणून एक केस सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.

परळच्या एक ताई, मुलगा चौथीत. बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकली म्हणून वर्षाचे पैसे भरून अ‍ॅप घेतलं, पोरगा रोज खेळायचा, लेव्हल वाढत होत्या आणि वर्गात बाईंनी आठचा पाढा विचारला की गप्प. ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या, एवढं करूनही येत नाही म्हणजे याच्या डोक्यातच काहीतरी कमी आहे का? मला फार वाईट वाटलं, कारण पोरगा अगदी चुणचुणीत होता.

मी म्हटलं ताई, जो गेम खेळतो त्यातच हात बसतो. कुठला चौकोन चमकला हे लक्षात ठेवायची सवय झाली तर तेवढंच जमतं, पाढे त्यातून आपोआप येत नाहीत. 2010 मध्ये बीबीसीच्या मदतीने 11,430 मोठ्या माणसांना सहा आठवडे असे गेम खेळायला दिले होते, खेळलेल्या गेममध्ये सगळे सुधारले पण बाकीच्या परीक्षांमध्ये म्हणावा असा फरक नाही. 2016 मध्ये तर ल्युमॉसिटी नावाचे असेच गेम विकणाऱ्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल अमेरिकेत 20 लाख डॉलर भरावे लागले.

मग मी विचारलं, खेळतो कधी आणि पाढे पाठ कसे करतो? तर जेवण झाल्यावर गेम, झोपायला साडेअकरा आणि पहाटे उठून शाळा. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं, तीच कापली जात होती! आणि पाढे म्हणजे पुस्तक उघडं ठेवून दहा वेळा वाचायचे. मी सांगितलं पुस्तक मिटून आठव, अडलास तरच बघ, आणि एक दिवस सोडून परत विचारा.

पण कॉम्प्युटर सोडायला लावला नाही, उलट स्क्रॅच दाखवलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने 2007 मध्ये आणलेलं, फुकट आहे, ठोकळे जोडून मुलं स्वतः गेम बनवतात. याने मांजर पाढा विचारते असा गेम केला, उत्तर बरोबर आलं तर काय करायचं, चुकलं तर काय, हे सगळं आधी डोक्यात मांडावं लागलं त्याला. आठ साते 54 असं स्वतःच भरून ठेवलं होतं, ते मावसभावाने खेळताना पकडलं आणि दोघं मिळून चूक कुठल्या ठोकळ्यात आहे ते शोधत बसले. मला विचाराल तर विचार करायला शिकणं ते हेच.

काही महिन्यांनी ताई परत आल्या. पाढे येतात, स्पेलिंग अजून चुकतात, त्याला वेळ लागेल. झोप साडेनऊला आणली. अ‍ॅप बंद करू का म्हणाल्या, मी म्हटलं त्याला आवडत असेल तर संध्याकाळी थोडा वेळ खेळू दे, मजा म्हणून, पण पुढच्या वर्षी पैसे भरू नका. धाकटी तीन वर्षांची, तिला कुठला गेम द्यावा हेही विचारलं त्यांनी. तिला आत्ता कुठलाच नको, जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) त्या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन म्हणते आणि टीव्ही त्यातच आला.