टॅपेट सेट केले तरी टिकटिक परत येते

प्रश्न : आमचा सहा सिलेंडरचा जुना डिझेल ट्रक आहे, मेकॅनिकल पंपवाला. आयडलला टिकटिक येते, गाडी मिसिंगपण करते (मधूनच एखादा सिलेंडर पेट घेत नाही) आणि चढाला दम लागतो. मेकॅनिक म्हणाला इंजेक्टर गेलेत, म्हणून सहाच्या सहा बदलले, काही फरक नाही. मग टॅपेट सेट केले तर आवाज गेला, पण थोड्याच दिवसांत परत सुरू. आता तो म्हणतो इंजिन खोलावं लागेल. खोलायचं का?

उत्तर : लगेच नको. टॅपेट सेट केल्यावर आवाज गेला आणि परत आला, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. चांगल्या इंजिनात टॅपेटचा गॅप, म्हणजे वाल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट, इतक्या लवकर वाढत नाही, म्हणजे एकतर लॉक नट नीट आवळला नव्हता नाहीतर आत काहीतरी झिजतंय.

पण आधी कुठला सिलेंडर ते शोधा, पार्ट नंतर. आयडलला एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट थोडासा ढिला करून बघायचं, ज्याचा नट ढिला केल्यावर इंजिनच्या चालीत फरकच पडत नाही तो सिलेंडर मुळात कामच करत नाहीये. चष्मा घाला, हात लांब ठेवा. आणि हे फक्त तुमच्यासारख्या जुन्या पंपावर, कॉमन रेल गाडीला (नवीन पद्धतीची, सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर पाइपमधून डिझेल देणारी) चुकूनही नाही, तिथे प्रेशर १००० बारच्या वर जातं आणि डिझेलची बारीक धार सरळ कातडीत घुसते, जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने ऑपरेशन लागू शकतं.

आता आवाज. वाल्व उघडणारा कॅमशाफ्ट हा क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ६०० आरपीएमला एका वाल्वची टिकटिक सेकंदाला ५ वेळा येते. १० वेळा येत असेल तर पिस्टन-बेअरिंगकडे बघा. थंड इंजिनला जास्त आणि गरम झाल्यावर कमी होत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंगपण तपासा, लीक असेल तिथे काजळी दिसते.

टिकटिक आणि मिसिंग एकाच सिलेंडरला निघाली तर टॅपेट कव्हर काढा. त्या सिलेंडरचे पुश रॉड (कॅमची हालचाल वर रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्या) काढून सपाट काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर रॉड आणि काच यांच्यामधली फट लगेच दिसते. सरळ असेल तर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून वाल्व किती उघडतो, म्हणजे त्याची लिफ्ट, ते मोजा आणि शेजारच्या सिलेंडरशी ताडून बघा, इनलेट इनलेटशी, एक्झॉस्ट एक्झॉस्टशी. कमी भरली तर बहुधा कॅमचा लोब (वाल्व उचलणारा उंचवटा) आणि त्याला टेकणारा फॉलोअर झिजलाय, माझा संशय त्यांच्यावरच जास्त आहे, कारण त्यात गॅप वाढतो म्हणून आवाज येतो आणि वाल्व पूर्ण उघडत नाही म्हणून मिसिंगपण होतं. जुना ऑइल फिल्टर कापून बघा, आत चकचकीत कीस सापडला तर संशय आणखी पक्का. मग कॅमबरोबर खालचे फॉलोअरपण सगळे नवीनच टाका, झिजलेला फॉलोअर नवीन कॅम खाऊन टाकतो.

लिफ्ट बरोबर भरली तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) चेक करा. ते कमी आलं तर वाल्व जळालाय किंवा रिंगा गेल्यात, आणि मग खोलणं आलंच.

एक कळकळीने सांगतो, आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट टाइट करू देऊ नका. टाइट टॅपेट आवाज करत नाही पण वाल्व सीटवर पूर्ण बसत नाही आणि जळतो, एक्झॉस्टचा तर आधी. गॅप मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), आणि खोलायच्या आधी प्रत्येक वाल्वची लिफ्ट मेकॅनिककडून कागदावर लिहून घ्या.