पाठीवरची गाठ खरोखर चरबीची आहे का?

प्रश्न : माझे वय ४८ आहे. पाठीवर सहा वर्षांपासून असलेली वाटाण्याएवढी गाठ आता बोराएवढी झाली असून तिच्या मधोमध काळा ठिपका आहे. दोनदा दाबल्यावर पांढुरका, उग्र वासाचा चिकट ऐवज निघाला, पण गाठ पुन्हा भरली. सगळे तिला चरबीची गाठ म्हणतात. सोनोग्राफीच्या अहवालात मात्र ‘एपिडरमॉइड सिस्ट’ असे लिहिले आहे. हा कर्करोग तर नव्हे ना?

उत्तर : नाही, आपल्या वर्णनावरून तरी तसे वाटत नाही. तो काळा ठिपका म्हणजे केसाच्या छिद्राचे बुजलेले तोंड होय. तिथल्या त्वचेच्या पेशींची आत पिशवी, म्हणजेच एपिडरमॉइड सिस्ट, तयार होते आणि एरवी अंगावरून नकळत झडून जाणारे केराटिन (त्वचेच्या वरच्या थरातले कठीण प्रथिन), बाहेर पडायला वाट नसल्याने, तिच्यात साठत राहते. आपण पाहिलेला ऐवज तोच. त्यात चरबी नाही. खरी चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, मऊ असते आणि तिला असा ठिपका नसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली या पिशवीची भिंत त्वचेच्या वरच्या थरासारखीच, कणीदार थरासह (ज्याच्या पेशींत बारीक कण दिसतात तो थर) दिसते आणि आत केराटिनचे पापुद्रे कांद्यासारखे एकावर एक बसलेले असतात. डोक्यावरच्या गाठी बहुधा वेगळ्या, पायलर प्रकारच्या, म्हणजे केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणापासून झालेल्या असतात. त्यांच्या भिंतीत कणीदार थर नसतो.

सोनोग्राफीत ही गाठ त्वचेलगत, रेखीव कडांची, लंबगोल दिसते. तिच्या खालचा भाग अधिक उजळ दिसतो आणि डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, गाठीच्या आत रक्तप्रवाह आढळत नाही. मात्र गाठ आतल्या आत फुटली असेल, तर कडा वेड्यावाकड्या होतात, भोवतालचा रक्तप्रवाह वाढतो आणि साधी गाठही संशयास्पद भासू लागते. म्हणून आपण ती दाबली होती, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

यापुढे मात्र कृपया दाबू नये. भिंत फाटून केराटिन आजूबाजूला पसरले की शरीर त्याला परके समजून तीव्र दाह निर्माण करते. जंतू नसतानाही गाठ लाल होऊन ठणकते, आणि पुढे जखम भरताना तयार होणाऱ्या व्रणाच्या ऊतीमुळे ती सबंध काढणे अवघड जाते. त्रास नसेल तर गाठ तशीच ठेवता येते. काढायची झाल्यास दाह शमल्यावर, भिंतीसकट काढावी, कारण भिंतीचा तुकडा राहिला तर ती पुन्हा भरते. अशा गाठीत कर्करोग अत्यंत क्वचित आढळतो. तरीही ती झपाट्याने वाढली, खालच्या भागाला घट्ट चिकटली किंवा तिच्यावर न भरणारी जखम झाली, तर शल्यचिकित्सकांना लगेच दाखवावे आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला पाठवण्याचा आग्रह धरावा.