रोज तीच काऊ-चिऊची गोष्ट

"मॅडम, रोज रात्री तीच गोष्ट. दुसरी काढली की रडून गोंधळ घालतो. त्याचं काही बिघडलंय का हो?"

मी लहान मुलांच्या मनाच्या अडचणींवर काम करते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे आईबाबा मला हा प्रश्न नेहमी विचारतात. बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं: काही बिघडलेलं नाही, सांगा परत. काय जेवायचं, कधी झोपायचं, कुणाकडे जायचं हे सगळं मोठी माणसंच ठरवत असतात, त्या वयात पुढे काय होणार हे आधीपासून ठाऊक असण्याचं सुख फार मोठं असतं. ओळखीची गोष्ट ते सुख देते. पण कधीकधी मूल त्या गोष्टीत काहीतरी शोधत असतं आणि तेव्हा मात्र नीट कान देऊन ऐकावं लागतं. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका मुलाची हकिगत त्यासाठीच सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२१ चा जून महिना. मुलगा साडेपाच वर्षांचा. टाळेबंदीमुळे आईशी पहिलं बोलणं फोनवर झालं, मग त्यांच्या पडवीत भेटलो. गोष्ट आपण सगळे जिच्यावर वाढलो तीच. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. मोठा पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं. तो चिमणीच्या दाराशी येतो, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आतून उत्तर येतं, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." मग काजळ, मग टोपडं, मग झोपवणं. कावळा बाहेर भिजत उभा.

मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हापासून हट्ट वाढला होता. एकदा सांगून भागत नव्हतं, शेवटाला आलं की परत पहिल्यापासून. बाबांचं म्हणणं, मुलगा मागे पडतोय. मुंबईच्या काकांनी चित्रांची चांगली पुस्तकं पाठवली होती, ती उघडलीही नव्हती. आजी तेवढी म्हणत होती, "मागतोय तर सांग की गो."

बाबांच्या काळजीचं मी आधी पाहिलं, कारण ती लवकर मिटण्यासारखी होती. संशोधक जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांबरोबर केलेला एक अभ्यास आहे. काही मुलांना नवे शब्द असलेली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकवले. शब्द जास्त लक्षात राहिले ते एकच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. म्हणजे भाषेसाठी तरी घाबरायचं कारण नव्हतं.

आईने मग एक गोष्ट सहज सांगितली. मूल घाबरतं असं वाटून तिने मधल्या काळात गोष्ट मऊ केली होती. पाऊस थोडासाच, आणि कावळ्याने हाक मारली की चिमणी लगेच दार उघडते. त्या रात्री मुलगा अंथरुणात उठून बसला. "असं नाहीये! आधी बाळाची अंघोळ! सगळं सांग!"

मी तिथेच थांबले. ज्या भागाची भीती वाटेल म्हणून आपण तो गाळतो, नेमका तोच त्याला हवा होता. दाराबाहेरचं उभं राहणं.

३ जून २०२० चा दिवस आजीने मला सांगितला. आई त्याबद्दल बोलायचं टाळत होती. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंत त्याने काय केलं, ते इथल्या माणसांना सांगायला नको. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले, कित्येक गावं नंतर आठवडेच्या आठवडे विजेवाचून होती. या घराचं छप्पर गेलं तेव्हा बाबांनी पोराला कडेवर घेतलं आणि सगळे शेजारच्या स्लॅबच्या घराकडे धावले. दार बंद. हाका मारल्या, ठोठावलं. दार उघडायला वेळ लागला. किती, ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं, प्रत्येकाला तो वेगवेगळा वाटला होता. पुढे वर्षभर घरात कौलांच्या खर्चाचं बोलणं झालं, पंचनाम्याचं झालं, पडलेल्या पोफळींचं झालं. त्या दाराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण शेजाऱ्यांना बोल लावल्यासारखं होईल.

मुलगा मात्र रोज रात्री त्या दाराशी जाऊन उभा राहत होता.

आणखी एक तपशील आजीकडूनच मिळाला. दिवाळीच्या सुमारास ती खळं, म्हणजे अंगण, सारवत होती तेव्हा नातवाने विचारलं होतं, "आजी, आपलं घर शेणाचं आहे?" सगळे हसले होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आपण ही गोष्ट सांगताना शेवटी शहाणपण चिकटवतो: कावळा आळशी, म्हणून त्याचं घर वाहून गेलं. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर खरोखर उडालंय त्या मुलाने यातून काय घ्यायचं? माझ्या बाबांनी घर नीट बांधलं नाही? चिऱ्याच्या भिंती जागेवर होत्या हे त्याला दिसत होतं, पण घरातली जमीन, खळं शेणाने सारवलेलं, आणि घर तर उडालं. साडेपाच वर्षांच्या डोक्याने लावलेला हिशेब चुकीचा असेल, पण मूर्खपणाचा नाही. म्हणून मी पालकांना कळकळीने सांगते, या गोष्टीला तात्पर्य जोडू नका. ते नसलं तरी गोष्टीचं काही अडत नाही.

मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडने १९२० साली आपल्या दीड वर्षांच्या नातवाच्या खेळाबद्दल लिहून ठेवलंय. आई बाहेर गेली की तो दोरा बांधलेलं लाकडी रीळ पलंगाच्या कडेपलीकडे फेकायचा आणि परत ओढून घ्यायचा, पुन्हा पुन्हा. आई जाते तेव्हा त्याच्या हातात काही नसतं, रीळ मात्र त्याच्या हातात असतं. फ्रॉइडची सगळी मतं मला पटतात असं नाही, पण हे निरीक्षण मला कामात रोज उपयोगी पडतं. काऊ-चिऊची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे, शेजारच्या कर्नाटकातही कागक्का-गुब्बक्काच्या नावाने मुलं अशीच गोष्ट ऐकतात, त्याचं कारण मला यातच दिसतं. घर जाणं आणि दार बंद असणं या दोन सर्वांत मोठ्या भीती तिने दोन पाखरांच्या आकाराच्या करून ठेवल्या आहेत. माणसांच्या नावाने हीच गोष्ट सांगितली तर मुलाला सोसणार नाही. पाखरांची आहे म्हणून ते तिला हात लावू शकतं.

पडवीत आम्ही काड्यापेट्यांची घरं केली आणि गोष्ट खेळलो. कोण व्हायचं ते त्याने ठरवायचं. आधी तो पाऊस झाला. घसा बसेपर्यंत ओरडला. बरेच दिवस पाऊसच. मग कावळा. चिमणी व्हायला तो तयारच नव्हता, ते काम माझ्याकडे. मी आतून म्हणायची, "थांब, बाळाला अंघोळ घालते," आणि तो बाहेरून माझ्याकडे बघत राहायचा. एकदा त्याने विचारलं, "चिऊताईला ऐकूच येत नव्हतं का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, शेजारच्या काकूंकडे होतं. मी आईबाबांना सुचवलं की त्यांच्याकडे जाऊन त्या दिवसाबद्दल मोकळेपणाने बोला, मुलाला बरोबर घेऊन. आईला ते अवघड गेलं, पण गेले. काकूंनी सांगितलं, वाऱ्याने दार आत ढकललं जात होतं म्हणून त्यांनी तांदळाची मोठी पेटी आतून लावली होती. हाका वाऱ्यात कळल्या नाहीत आणि कळल्यावर ती पेटी एकट्या बाईच्याने सरकेना. हे सांगताना काकू रडल्या. त्यांनाही ते वर्षभर खुपत होतं. मुलाने पेटी बघितली, ढकलून बघितली. त्याच्याने हलली नाही.

पुढच्या खेळात तो पहिल्यांदा चिमणी झाला. मी कावळा होऊन हाक मारली. आतून उत्तर आलं, "थांब रे, पेटी सरकवते!" आणि मग त्याने खूप वेळ, दात ओठ खाऊन, काड्यापेटी सरकवली.

त्यानंतर हट्ट हळूहळू सैल झाला. गोष्ट गेली नाही, जाऊही नये. ती बदलायला लागली. कधी दोघं मिळून कावळ्याचं घर बांधायला चिरे आणतात, कधी कावळा चिमणीकडेच राहतो आणि बाळाला अंघोळ घालतो.

तुमच्याही घरी एकच गोष्ट चालू असेल तर मी एवढंच बघायला सांगते. ती संपल्यावर मूल निवांत होतं का? त्यात कधी एखादा शब्द, एखादा माणूस बदलतो का? तसं होत असेल तर मूल आपलं काम करतंय, तुम्ही सांगत राहा आणि काही गाळू नका. पण गोष्ट किंवा खेळ जसाच्या तसा गोठून राहिला, मूल त्यातून जास्तच घाबरून बाहेर येऊ लागलं, झोप मोडली, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, आईला क्षणभर सोडेनासं झालं आणि हे महिनाभर हटलं नाही, तर घरात वाट बघत बसू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येतं. आता टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे, तिथे फोन केला तर पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. वादळ होऊन वर्ष उलटलंय, आता कसली भीती, असं म्हणून फोन टाळू नका. या मुलाची भीतीही वर्षाने, दुसऱ्या वादळाच्या वाऱ्याबरोबर वर आली होती.